कार्बन डॉटचा दिवा हजारो तास तपासला जावा: अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनला खुले पत्र

प्रति,
नियामक मंडळ व कार्यकारी परिषद,
अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन,
नवी दिल्ली

सन्माननीय सदस्यहो,

सस्नेह नमस्कार.

पांढऱ्या एलईडी दिव्यातील दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे (यिट्रियम, युरोपियम यांसारख्या धातूंचे) फॉस्फर, म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा देणारे पदार्थ, बाजूला ठेवून त्यांच्या जागी कार्बनचे नॅनोकण, म्हणजे कार्बन डॉट, वापरता येतील का, या प्रश्नावर आपल्या देशातील अनेक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत मनापासून काम चालू आहे. मी महाराष्ट्रातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे या विषयावरील प्रकल्प मी जवळून पाहते आणि परीक्षक म्हणून इतर ठिकाणचेही वाचते. आपल्याला लिहिण्याचे कारण एकच आहे. या संशोधनाला मिळणारा पैसा आणि मिळणारी शाबासकी दिवा पहिल्यांदा उजळतो त्या क्षणापाशी संपते. तोच दिवा हजारो तास, गरम झाल्यावर आणि दमट हवेत तसाच उजळत राहतो का, हे पाहण्यासाठी निधी मिळत नाही, उपकरणे मिळत नाहीत आणि त्या कामाला संशोधन म्हणून मानही मिळत नाही. आपण देशाच्या संशोधनाला दिशा देणारी संस्था आहात, म्हणून ही स्थिती बदलण्याची विनंती आपल्याकडे करीत आहे.

आजचा पांढरा एलईडी मुळात निळा असतो. इंडियम गॅलियम नायट्राइडची चिप साधारण ४५० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश देते. तिच्यावर लिंपलेला पिवळा फॉस्फर त्यातील काही प्रकाश शोषून पिवळा करतो आणि दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरा प्रकाश दिसतो. प्रखर निळ्या एलईडीचा पाया घालणाऱ्या इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पिवळे काम करणारा पदार्थ म्हणजे सिरियम मिसळलेले यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट. नव्वदच्या दशकापासून त्याला तोडीस तोड पर्याय मिळालेला नाही, आणि त्याला कारण आहे. शोषलेल्या फोटॉनांपैकी (प्रकाशाच्या कणांपैकी) नव्वद टक्क्यांहून अधिक तो प्रकाशाच्या रूपात परत देतो, चिपच्या उष्णतेत टिकतो आणि वर्षानुवर्षे फारसा ढळत नाही. कार्बन डॉटची तुलना या पदार्थाशी करायची आहे, हे विसरून चालणार नाही.

तरीही पर्याय शोधण्याची गरज खरी आहे. यिट्रियम, युरोपियम, ल्युटेशियम ही मूलद्रव्ये मिळवणे, एकमेकांपासून वेगळी करणे आणि शुद्ध करणे हे आम्ल आणि सेंद्रिय द्रावकांचा मोठा वापर करणारे काम आहे, आणि त्यातला बहुतांश भाग चीनच्या हातात आहे. २०१० मध्ये चीनने निर्यात आवळली तेव्हा फॉस्फर बनवणाऱ्या जगभरच्या कंपन्यांना त्याची झळ बसली. एप्रिल २०२५ मध्ये सात मूलद्रव्यांवर परवान्याचे निर्बंध आले आणि त्या यादीत यिट्रियम व ल्युटेशियम दोन्ही होती. आपल्याकडे ओडिशा आणि केरळच्या किनारी वाळूत मोनाझाइट हे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे खनिज आहे आणि इंडियन रेअर अर्थ्स, म्हणजे आजची आयआरईएल, दशकानुदशके ते काढते आहे. पण मोनाझाइटमध्ये सिरियम, लँथेनम, निओडिमियम भरपूर आणि यिट्रियमसारखी जड गटातील मूलद्रव्ये थोडी, शिवाय थोरियमची जबाबदारी सोबत येते. सिरियमपुरते आपण स्वावलंबी होऊ शकू, पण गार्नेटमध्ये सिरियम चिमूटभर आणि यिट्रियम भरपूर लागते.

उबदार पांढऱ्या दिव्यासाठी यात तांबडा रंग मिसळावा लागतो आणि तिथे अडचण वाढते. तांबडे नायट्राइड फॉस्फर युरोपियमवर चालतात आणि ते दीड हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात बनतात. मँगनीज असलेल्या पोटॅशियम फ्लुओसिलिकेटमध्ये दुर्मिळ मृदा नाही, पण ते बनवताना हायड्रोफ्लुओरिक आम्ल हाताळावे लागते. २०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमुळे घराघरांत नाव पोहोचलेले क्वांटम डॉट, म्हणजे अर्धसंवाहकाचे नॅनोकण, सुंदर रंग देतात. मात्र त्यांतले सर्वात कार्यक्षम डॉट कॅडमियम सेलेनाइडचे आहेत आणि युरोपप्रमाणेच भारताच्या ई-कचरा नियमांतही विद्युत उपकरणातील कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्के आहे. पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकांच्या डॉटमध्ये शिसे आहे. तेव्हा विषारी धातू नसलेला, साध्या कच्च्या मालापासून दोनशे अंशांच्या आत बनणारा प्रकाशमान पदार्थ कोणालाही हवासा वाटणारच.

कार्बन डॉट हा तसा पदार्थ आहे. २००४ मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करताना उरलेल्या मालात ते चमकताना दिसले, आणि २००६ मध्ये क्लेमसन विद्यापीठातील या-पिंग सुन यांच्या गटाने त्यांच्या पृष्ठभागावर प्रक्रिया करून ती चमक वाढवली. दहा नॅनोमीटरहून लहान असे हे कण, आत कार्बनचा गाभा आणि बाहेर ऑक्सिजन-नायट्रोजनचे गट. सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइन पाण्यात मिसळून टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे बंद दाबपात्रात, काही तास तापवले की निळे चमकणारे द्रावण मिळते. २०१३ मध्ये चीनमधील बाई यांग यांच्या गटाने याच मार्गाने सुमारे ८० टक्के क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या फोटॉनांपैकी प्रकाशरूपात परत मिळणाऱ्यांचे प्रमाण, नोंदवले. सायट्रिक आम्ल उसाच्या मळीपासून किण्वनाने बनवता येते, बगॅसपासूनही कार्बन डॉट बनवता येतात आणि संत्र्याच्या सालीपासून तर बनतातच. कोल्हापूर, सांगली, नागपूरच्या विद्यार्थ्याला हा विषय आपला वाटतो, तो यामुळे. महागडी यंत्रणा नसलेल्या महाविद्यालयातही तो करता येतो, आणि ही या विषयाची खरोखर मोठी देणगी आहे. मी त्याच्या बाजूने लिहीत आहे, हे पुढील मजकूर वाचताना कृपया ध्यानात असू द्यावे.

अडचण द्रावणातून बाहेर आल्यावर सुरू होते. दिव्याला घन पदार्थ लागतो. द्रावण सुकवून भुकटी केली की कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे सपाट कार्बन थर एकावर एक बसतात, उत्तेजित कणाची ऊर्जा शेजाऱ्याकडे सरकत सरकत उष्णतेत संपते आणि बाटलीत झगमगणारा पदार्थ काचेवर जवळजवळ विझतो. हे टाळण्यासाठी कण पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, स्टार्च, सिलिका, सिलिकोन किंवा मिठाच्या स्फटिकात विखरून बसवतात, आणि यांतील काही उपाय चांगले चालतात. पण पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि स्टार्च ओलावा शोषतात, मिठाचा स्फटिक दमट हवेत पाणी धरतो. कोकणातल्या जुलै महिन्यात असा थर किती दिवस टिकेल, हे सांगणारा आकडा बहुतेक शोधनिबंधांत नसतो.

दुसरी अडचण चिपची आहे. बहुतेक कार्बन डॉट निळा प्रकाश नीट शोषत नाहीत. त्यांना ३६५ ते ४०० नॅनोमीटरचा अतिनील किंवा जांभळा प्रकाश लागतो. ३६५ नॅनोमीटरच्या फोटॉनपासून ५५० नॅनोमीटरचा फोटॉन मिळवला तर प्रत्येक वेळी एकतृतीयांश ऊर्जा वाया जाते. ४५० नॅनोमीटरपासून सुरुवात केली तर हा तोटा १८ टक्क्यांवर राहतो. फॉस्फर परिपूर्ण असला तरी हा फरक भरून निघत नाही, कारण तो फोटॉनांच्या ऊर्जेतला फरक आहे. शिवाय थर पातळ झाला किंवा झिजला तर अतिनील प्रकाश बाहेर पडतो, आणि घरातल्या दिव्यासाठी ती गोष्ट क्षम्य नाही. प्रयोगशाळेतल्या ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली दिसलेला सुंदर पांढरा रंग आणि घराच्या छताला लागणारा दिवा यांमधले अंतर इतके आहे.

तांबड्या रंगाच्या बाबतीत मला अधिक थांबावेसे वाटते, कारण ‘हरित’ हे विशेषण इथेच सर्वात सैलपणे वापरले जाते. २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी फिनिलीनडायअमाइनच्या तीन समघटकांपासून (तेच अणू, पण वेगळी मांडणी) निळे, हिरवे आणि तांबडे असे तीन रंगांचे डॉट मिळवले आणि त्यानंतर तांबड्यासाठी तो मार्ग जगभर रूढ झाला. त्यातले तांबडे डॉट देणारे पॅराफिनिलीनडायअमाइन म्हणजे केसांच्या कलपातला, त्वचेच्या तीव्र ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध असलेला पदार्थ. तांबड्या डॉटसाठी द्रावक म्हणून वापरली जाणारी फॉर्मामाइड आणि डायमिथाइल फॉर्मामाइड ही दोन्ही प्रजननास घातक म्हणून वर्गीकृत आहेत. संत्र्याच्या सालीपासून बनलेले डॉट मंद आणि निळसर, तर दिव्याला हवे असलेले तेजस्वी तांबडे डॉट या घातक रसायनांतून आलेले, असे चित्र असताना दोन्हींना एकाच शीर्षकाखाली पर्यावरणस्नेही म्हणणे मला पटत नाही. शुद्धीकरणासाठी दिवसेंदिवस चालणारे डायलिसिस (पातळ पडद्यातून अशुद्धी वेगळी करणे) आणि त्यात ओतले जाणारे शुद्ध पाणी, दोनशे अंशांवर दहा-बारा तास चालणारी भट्टी आणि शेवटी हाती पडणारी थोडीशी भुकटी यांचा हिशेबही क्वचितच मांडला जातो. कार्बन डॉट पेशींना फारसे बाधक नाहीत, असे अनेक प्रयोग सांगतात. पण प्रकाशात त्यांचे विघटन झाल्यावर तयार होणारे तुकडे बाधक ठरू शकतात, असेही प्रयोग झाले आहेत, आणि दिव्यातला पदार्थ तर सतत प्रकाशातच राहणार आहे.

या सर्वांहून वजनदार गोष्ट म्हणजे वीज. दिव्याचा पर्यावरणावर पडणारा सर्वात मोठा भार तो जळत असताना पडतो. समजा, ९ वॅटच्या आजच्या दिव्याइतका उजेड देण्यासाठी कार्बन डॉटच्या दिव्याला १२ वॅट लागले. १५,००० तासांत ३ वॅटचा फरक ४५ युनिट होतो, आणि आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर एका दिव्यामागे तीसेक किलो जास्तीचा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ज्या फॉस्फरला आपण हटवले तो त्या दिव्यात काही मिलिग्रॅमच होता. उजाला या केंद्र सरकारच्या स्वस्त एलईडी योजनेखाली देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. २०१४ मध्ये ३१० रुपये असलेली दिव्याची खरेदी-किंमत दोन-तीन वर्षांत ४० रुपयांच्या आत आली. एवढ्या संख्येशी वरचा आकडा गुणून पाहिला की ‘धातू नाही म्हणून पर्यावरणस्नेही’ हा युक्तिवाद किती अपुरा आहे ते स्पष्ट होते. प्रति वॅट लुमेन, म्हणजे एका वॅटमागे मिळणारा उजेड, हा आकडा दिला नसेल, तर पांढऱ्या एलईडीवरील शोधनिबंध पर्यावरणाबद्दल काहीही दावा करण्यास पात्र नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग कार्बनला जागा कुठे आहे? माझ्या समजुतीप्रमाणे गार्नेटला पूर्णपणे हटवण्याचा हट्ट सोडून दोन ठिकाणी लक्ष एकवटले तर यश शक्य आहे. पहिले ठिकाण तांबड्या घटकाचे. निळी चिप आणि गार्नेट तसेच ठेवून युरोपियम नायट्राइडच्या जागी तांबडे कार्बन डॉट आणता आले, आणि ते डॉट निळा प्रकाश शोषणारे, निरुपद्रवी कच्च्या मालाचे असले, तर कार्यक्षमता न गमावता दुर्मिळ धातूचा आणि कडक भट्टीचा भार कमी होईल. रंगदर्शन निर्देशांकात तांबड्याची उणीव दाखवणारा आर-९ हा आकडा स्वस्त दिव्यांत फार खाली असतो. भाजी, कापड, रुग्णाची त्वचा अशा दिव्यात निस्तेज दिसते. ती उणीव भरून काढणे हे लहान काम नाही. दुसरे ठिकाण म्हणजे चिपपासून दूर बसवलेला थर. चिपवरच फॉस्फर लिंपला तर त्याला शंभर अंशांहून अधिक तापमान सोसावे लागते आणि तिथे कार्बन डॉट लवकर फिके पडतात. थर दिव्याच्या बाहेरच्या आवरणावर नेला तर तापमान बरेच उतरते. मोठ्या पृष्ठभागाच्या छतावरच्या दिव्यांसाठी, शाळा-कार्यालयांच्या पॅनेलसाठी ही रचना सोयीची आहे. कार्बन डॉटच्या थरातून थेट वीज खेळवून त्यातूनच पांढरा प्रकाश काढण्याचा मार्गही २०११ पासून चाचपला जात आहे. तो विज्ञान म्हणून मोलाचा आहे, पण पांढऱ्या प्रकाशाच्या पहिल्या उपकरणांची कार्यक्षमता ०.१ टक्क्याच्याही खाली होती. त्याला दिव्याचा पर्याय म्हणून सादर करण्याची घाई नको.

आता विनंतीकडे येते. या विषयावरील प्रत्येक अनुदानाच्या अटींत टिकाऊपणाची चाचणी समाविष्ट करावी आणि तिचा खर्च अनुदानातच धरावा. घन थराचे क्वांटम यील्ड इंटिग्रेटिंग स्फिअरमध्ये (सर्व दिशांचा प्रकाश गोळा करणाऱ्या पोकळ गोलात) मोजलेले असावे. द्रावणाचा आकडा दिव्यासाठी ग्राह्य धरू नये. ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत निदान १,००० तास, म्हणजे सहा आठवडे, थर ठेवून त्याची चमक आणि रंग किती ढळला ते नोंदवावे. जे नमुने यातून तरतील त्यांच्यासाठी एलईडी उद्योगात मान्य असलेली एलएम-८० पद्धतीची ६,००० तासांची चाचणी व्हावी. ६,००० तास म्हणजे अडीचशे दिवस. एका सत्राच्या प्रकल्पात किंवा एकट्या महाविद्यालयाच्या वीजबिलात हे बसत नाही. तीन वर्षांच्या अनुदानात मात्र ते सहज बसते, जर सुरुवातीलाच त्याची तरतूद असेल.

त्यासाठी सामायिक सोय हवी. आपल्या पेअर कार्यक्रमात एक मुख्य संस्था आणि तिच्याशी जोडलेली विद्यापीठे अशी रचना आहेच. तिच्याच धर्तीवर देशात तीन-चार ठिकाणी प्रकाशमान पदार्थांची चाचणी केंद्रे उभारता येतील, जिथे कोणत्याही महाविद्यालयाने टपालाने नमुना पाठवावा आणि ठरलेल्या मुदतीत प्रमाणित अहवाल परत मिळावा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-मेट (इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या पदार्थांचे केंद्र) या दोन्ही संस्था पाषाणच्या परिसरात आहेत. तिरुवनंतपुरमच्या एनआयआयएसटी या राष्ट्रीय संशोधन संस्थेला फॉस्फरच्या कामाचा जुना अनुभव आहे. प्रकाशमापनाची राष्ट्रीय मानके दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहेत. यंत्रे आणि माणसे यांचा मोठा भाग देशात आहे. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याला त्यांच्या दारापर्यंत नेणारी व्यवस्था नाही, ती आपण करावी. विद्यार्थ्याच्या मार्गदर्शकाची कोणाशी ओळख आहे की नाही, यावर त्याच्या नमुन्याची तपासणी अवलंबून असू नये.

शुद्धतेचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा मांडते. सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइनपासून मिळणाऱ्या तेजस्वी निळ्या चमकेचा मोठा भाग कार्बनच्या कणातून न येता त्याच भांड्यात तयार होणाऱ्या एका लहान सेंद्रिय रेणूतून येतो, हे गेल्या दशकात पुरेसे स्पष्ट झाले आहे. असे रेणू प्रकाशात कणांपेक्षा लवकर जळतात. म्हणून शुद्धीकरणाआधीची आणि नंतरची चमक दोन्ही नोंदवणे बंधनकारक असावे. हे साधे मोजमाप केले तर पुष्कळ आकडे खाली येतील. ते खाली येऊ द्यावेत. जे उरतील त्यांवर दिवा बांधता येईल. त्याचबरोबर ज्या थरांची चमक तीनशे तासांत निम्मी झाली, जे मिश्रण दमट हवेत विरघळले, त्यांच्या नोंदी जमा करणारे खुले भांडार आपण चालवावे आणि त्यात भर घालणाऱ्या संशोधकाला अहवालात प्रकाशनाइतकेच श्रेय द्यावे. आज एकाच चुकीच्या मिश्रणावर निरनिराळ्या गावांतले विद्यार्थी आपापले वर्ष घालवतात, कारण आधीच्याचे अपयश कुठे छापलेलेच नसते.

पुढचा टप्पा आपल्या एकट्याच्या हाती नाही, पण त्याची सुरुवात आपण करू शकता. भारतीय मानक ब्युरोची दिव्यांची मानके आणि ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकन पूर्ण झालेल्या दिव्याला लागू होते. नव्या प्रकाशमान पदार्थाला त्या दारापर्यंत कसे पोहोचायचे हे सांगणारी पायरी मध्ये नाही. जे दोन-चार थर ६,००० तास टिकतील, त्यांचे काही शेकडा दिवे बनवून सरकारी शाळांच्या वर्गांत आणि ग्रामीण रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण कक्षांत वर्षभर लावावेत, त्यांचे मोजमाप दर तीन महिन्यांनी व्हावे, आणि उजालाचे दिवे खरेदी करणाऱ्या ईईएसएल या सरकारी कंपनीसारख्या खरेदीदार संस्थेने ते आकडे पाहूनच पुढचा निर्णय घ्यावा. एलईडी दिव्यांच्या सुट्या भागांसाठी २०२१ पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आहे. अशा तपासलेल्या फॉस्फरला पुढे तिथे स्थान मिळावे. संशोधन व नवोन्मेषासाठी केंद्राने २०२५ मध्ये मंजूर केलेला एक लाख कोटी रुपयांचा निधी मुख्यतः उद्योगांसाठी आहे, याची मला जाणीव आहे. पण ज्या पदार्थाचा टिकाऊपणा कोणी मोजलेलाच नाही, तो हाती घ्यायला कोणता उद्योजक पुढे येईल?

काही सहकारी असे म्हणतील की इतक्या कडक अटी घातल्या तर लहान महाविद्यालयांचे संशोधनच बंद पडेल. मला उलटे वाटते. आज लहान महाविद्यालयाचा शोधनिबंध मोठ्या संस्थेच्या शोधनिबंधापुढे टिकत नाही, कारण त्याच्याकडे तपासणीचा अहवाल नसतो. केंद्रे सर्वांना खुली झाली तर चांगला थर कुठे बनला एवढेच महत्त्वाचे ठरेल. अटी मात्र टप्प्याटप्प्याने लागू कराव्यात: पहिल्या वर्षी फक्त घन थराचे मोजमाप आणि शुद्धीकरणाची नोंद, १,००० तासांची चाचणी ही केंद्रे सुरू झाल्यावर, आणि ६,००० तासांची चाचणी केवळ निवडक नमुन्यांसाठी.

या अटींचा मसुदा तयार करण्यासाठी आपण समिती नेमलीत, तर तिच्यात रसायनशास्त्रज्ञांबरोबर दिवे बनवणाऱ्या लघुउद्योगातील अभियंते आणि निदान एक जिल्ह्याच्या ठिकाणचा महाविद्यालयीन शिक्षक असावा. मसुदा जनतेच्या सूचनांसाठी इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीसह इतर भारतीय भाषांतही प्रसिद्ध करावा, म्हणजे हे काम प्रत्यक्ष करणाऱ्या प्रयोगशाळा साहाय्यकांनाही त्यावर बोलता येईल. येत्या अनुदान-आवाहनापूर्वी हा मसुदा निघावा, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक अध्यापिका, महाराष्ट्र